हिंदी चित्रपटातील विद्रोही स्त्री आणि आपल्या मुली

निवासी विद्यालयाच्या स्मरणिकेत हिंदी चित्रपटांवर लेख कशासाठी, असा प्रश्न काही ज्येष्ठ वाचकांच्या मनात येईल. प्रश्न रास्त आहे. स्मरणिकेची पाने संस्थेची वाटचाल, माजी विद्यार्थ्यांच्या आठवणी आणि धम्मविचार यांसाठी असतात. परंतु आपल्या वसतिगृहात राहणाऱ्या मुली शौर्य म्हणजे काय हे केवळ पाठ्यपुस्तकातून शिकत नाहीत. सुट्टीत घरी गेल्यावर टीव्हीसमोर बसून आणि आता मोबाईलवर त्या जे पाहतात, त्यातूनही धाडसी स्त्रीची एक प्रतिमा त्यांच्या मनात तयार होते. ही प्रतिमा कोण घडवते, कशापासून घडवते आणि घडवताना काय वगळते, याचा विचार शिक्षकांनी, पालकांनी आणि संस्थाचालकांनी करायला हवा.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. लोकप्रिय हिंदी चित्रपटाला स्त्रीचा संताप ओळखता येतो, तिची संघटना ओळखता येत नाही. अत्याचारानंतरचा सूडाचा एक दिवस तो रंगवून दाखवतो. त्या दिवसाआधीची आणि नंतरची वर्षे त्याच्या हिशेबात नसतात. नागपूर शहराने स्त्रियांची दोन्ही प्रकारची बंडे पाहिली आहेत, क्षणात पेटलेलीही आणि वर्षानुवर्षे चाललेलीही. त्यांपैकी एक पडद्यावर गेले, दुसरे अजून वाट पाहत आहे. आणि आपल्या मुलींना ज्याची अधिक गरज आहे ते हे दुसरे आहे.

आरंभी एक गोष्ट मान्य केली पाहिजे. हिंदी पडद्यावर बंडखोर स्त्री अगदी सुरुवातीपासून आहे. १९३५ साली वाडिया मूव्हीटोनच्या ‘हंटरवाली’तून फिअरलेस नाडिया हातात चाबूक घेऊन घोड्यावरून आली आणि प्रेक्षकांनी तिला डोक्यावर घेतले. दोनच वर्षांनी, १९३७ साली, प्रभात फिल्म कंपनीने व्ही. शांताराम यांच्या दिग्दर्शनाखाली ‘कुंकू’ आणि त्याचीच हिंदी आवृत्ती ‘दुनिया न माने’ काढली. कथा ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरची. फसवून वृद्धाशी लग्न लावून दिलेली नीरा हे लग्न मानायलाच नकार देते. शांता आपटे यांनी साकारलेली ही नीरा त्याच घरात राहते, रोज त्याच माणसांना तोंड देते आणि रोज ‘नाही’ म्हणते. तिचे बंड तिच्या दैनंदिन वागण्यात आहे. नव्वद वर्षांपूर्वी मराठी माणसांनी असा चित्रपट काढला आणि तो हिंदीतही चालला, हे लक्षात ठेवावे. पुढे एका आक्षेपाला उत्तर देताना ते उपयोगी पडेल.

स्वातंत्र्यानंतर मात्र या बंडाला एक वेगळे वळण लागले. १९५७ सालच्या ‘मदर इंडिया’तील राधा कष्टाळू आहे, स्वाभिमानी आहे, सावकाराच्या जाचापुढे ती मोडत नाही. पण तिच्या हातात बंदूक येते ती कोणासाठी? सावकाराविरुद्ध उठलेल्या स्वतःच्या मुलाला, बिरजूला, ती गोळी घालते, कारण गावाची अब्रू त्याच्याहून मोठी ठरते. तिचे सारे सामर्थ्य शेवटी गावाची घडी टिकवण्याच्या कामी येते. त्यानंतर दोन वर्षांनी बिमल रॉय यांचा ‘सुजाता’ आला. अस्पृश्य घरात जन्मलेली आणि ब्राह्मण कुटुंबात वाढलेली ही नायिका सोशिक आहे. निराशेच्या भरात ती जीव द्यायला नदीकाठी जाते, तेथे गांधीजींच्या पुतळ्याजवळ तिचे मन पालटते. वाढवणाऱ्या आईला रक्त देऊन तिचा जीव वाचवल्यावरच त्या घरात तिला मुलीचे स्थान मिळते. याच चित्रपटात रवींद्रनाथांच्या ‘चंडालिका’चा प्रयोग दाखवला आहे. भिक्खू आनंद मातंग कन्येकडे पाणी मागतो, ती ही बौद्ध कथा. म्हणजे समतेचा विचार पटकथेच्या दारापर्यंत आला होता. पण नायिकेच्या तोंडी तो काही आला नाही. दलित स्त्री दयेस पात्र ठरली, विचार करणारी ठरली नाही. दीक्षाभूमीवर धम्मदीक्षेचा सोहळा होऊन तेव्हा तीन वर्षे होत आली होती आणि त्या सोहळ्यात लाखोंच्या संख्येने उभ्या राहिलेल्या लोकांमध्ये स्त्रियाही होत्या.

पुढचा टप्पा आपल्या विदर्भातूनच सुरू होतो, ही बाब फारशी सांगितली जात नाही. १९७२ साली, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज येथे, पोलीस ठाण्याच्या आवारात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केल्याचे प्रकरण घडले. कायद्याच्या इतिहासात ते ‘मथुरा खटला’ म्हणून ओळखले जाते. सत्र न्यायालयाने आरोपींना सोडले, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोषी ठरवले आणि १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडले. त्या निकालाविरुद्ध १९७९ साली उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार कायद्याच्या अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या आणि १९८३ साली बलात्काराविषयीचा कायदा बदलला. याच वातावरणात १९८० साली बी. आर. चोप्रा यांचा ‘इन्साफ का तराजू’ झळकला. त्याची नायिका कोण, तर शहरातली सौंदर्यस्पर्धा जिंकलेली मॉडेल. खटला हरल्यावर, धाकट्या बहिणीवरही तोच प्रसंग ओढवल्यावर, ती अपराध्याला गोळी घालते. देसाईगंजच्या मुलीमुळे उभ्या राहिलेल्या प्रश्नातून ती मुलगी गेली, तिची जात-जमात गेली, पोलीस ठाणे गेले, मोर्चे आणि पत्रके गेली. उरले ते पिस्तूल.

पिस्तूल चालले, म्हणून पुढे त्याचे पीक आले. १९८७ सालच्या ‘प्रतिघात’मधील प्राध्यापिका भर समारंभात गुंड पुढाऱ्यावर कुऱ्हाड चालवते. १९८८ साली ‘जख्मी औरत’ आणि ‘खून भरी मांग’ पाठोपाठ आले. या चित्रपटांनी अनेक स्त्रियांना चित्रगृहात टाळ्या वाजवण्याचे बळ दिले, हे नाकारण्याचे कारण नाही. प्रश्न एवढाच आहे की टाळी वाजवून घरी आलेल्या स्त्रीला दुसऱ्या दिवशी सकाळी काय करायचे, हे त्यांतून समजत नव्हते.

त्याच १९८७ सालचा केतन मेहता यांचा ‘मिर्च मसाला’ मात्र वेगळा आहे आणि त्याकडे आपल्या शिक्षकांनी मुद्दाम पाहावे. सुभेदाराच्या मागणीला नकार देऊन मिरचीच्या कारखान्यात आश्रय घेतलेली सोनबाई, म्हणजे स्मिता पाटील, सर्वांना आठवते. अखेरीस कारखान्यातील बाया मिळून सुभेदाराच्या डोळ्यांत मिरचीची पूड उधळतात, हे दृश्यही आठवते. पण त्याच चित्रपटात गावच्या मुखीची पत्नी सरस्वती आहे. दीप्ती नवल यांनी ती भूमिका केली आहे. ही बाई नवऱ्याला न विचारता आपल्या मुलीचे नाव शाळेत घालते. गावातल्या एकाही मुलीने तोवर शाळेची पायरी चढलेली नसते. नवरा मुलीला वर्गातून ओढून आणतो. पुढे हीच सरस्वती बायकांना जमवून थाळ्या वाजवत निषेध करते. एका चित्रपटात दोन बंडे आहेत. मिरचीचे बंड लोकांच्या लक्षात राहिले आणि शाळेचे बंड विसरले गेले. निवासी विद्यालयात शिकणाऱ्या मुलीला या दोघींपैकी आपली पूर्वज कोण, हे सांगावे लागणार नाही.

आणखी एक सवय या चित्रपटांना आहे. बंड स्त्रीने करायचे आणि त्याची बाजू पुरुषाने मांडायची. १९९३ सालच्या ‘दामिनी’त घरातल्या मोलकरणीवर अत्याचार होतो आणि त्याची साक्ष देण्यासाठी त्या श्रीमंत घरची सून उभी राहते. तिचे धैर्य मोठे आहे. पण आज तीस वर्षांनंतर लोकांच्या तोंडी संवाद आहेत ते वकील झालेल्या सनी देओल यांचे. जिच्यावर अत्याचार झाला ती मोलकरीण तर कथेच्या मध्यावरच मरून जाते. २०१६ सालच्या ‘पिंक’मध्ये तीन तरुणींचा खटला आहे आणि स्त्रीच्या नकाराचा अर्थ न्यायालयाला समजावून सांगतात ते अमिताभ बच्चन. हेतू चांगला असूनही यातून मुलीपर्यंत एक संदेश पोहोचतो, तो असा : तू सोसायचे, फार तर उभे राहायचे, बोलणारा कोणी तरी येईल.

आता आपल्या शहराकडे येऊ. उत्तर नागपुरातील कस्तुरबानगर वस्तीला अक्कू यादव या गुंडाने वर्षानुवर्षे छळले. खंडणी, मारहाण, स्त्रियांवरील अत्याचार यांची दहशत त्या गल्ल्यांमध्ये होती आणि रहिवाशांच्या तक्रारींना दाद मिळत नव्हती. १३ ऑगस्ट २००४ रोजी नागपूरच्या जिल्हा न्यायालयात जमावाने त्याला ठार केले. त्या जमावात वस्तीतल्या स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या, असे सांगितले गेले आणि काही स्त्रियांना अटक झाली. खटला दहा वर्षे चालला. २०१४ साली पुराव्याअभावी आरोपी निर्दोष सुटले. या घटनेवर २०२१ साली सार्थक दासगुप्ता यांचा ‘२०० हल्ला हो’ हा हिंदी चित्रपट आला आणि २०२२ साली नेटफ्लिक्सवर एक माहितीपट मालिकाही आली.

‘२०० हल्ला हो’चे श्रेय त्याला दिले पाहिजे. वस्ती दलितांची आहे, हे तो लपवत नाही. रिंकू राजगुरू यांची आशा सुर्वे ही शिकलेली आहे, तिला आडनाव आहे, आणि तक्रारीला दाद न मिळण्यामागे जात कशी काम करते, हे ती स्वतः बोलते. अमोल पालेकर यांचे निवृत्त न्यायाधीश विठ्ठल डांगळे हेही त्याच समाजातले आहेत आणि पदाची झूल बाजूला सारून विचार करायला शिकतात. ‘दामिनी’पासून येथवर हिंदी चित्रपट बराच चालून आला आहे. तरीही जगाचे लक्ष ज्या गोष्टीकडे वेधले गेले ती न्यायालयातील रक्ताची. त्या दिवसापूर्वी त्या वस्तीत जे घडत होते, ते पाहा. कोणी तरी पोलीस ठाण्यात जाण्याचे धाडस केले. उषा नारायणे यांच्यासारख्या शिकलेल्या तरुणीने तक्रार देण्यासाठी पाऊल उचलले. एका घराच्या मदतीला दुसरे घर आले. घाबरून दारे लावून घेणारी माणसे हळूहळू एकत्र उभी राहिली. खरे बंड येथे घडले. त्यानंतर दहा वर्षे तारखांना हजर राहणे, रोजगार बुडवणे, मुलांची लग्ने आणि शिक्षण त्या छायेत पार पाडणे, हे त्या बंडाचे मोल होते आणि ते त्या कुटुंबांनी चुकवले.

हत्येचा गौरव आपण करू शकत नाही. प्राणिमात्राच्या हिंसेपासून अलिप्त राहण्याचे शील आपण रोज म्हणतो आणि ज्यांनी संविधान दिले त्यांनी रक्तरंजित मार्गांना निरोप देण्यास सांगितले आहे. पण त्या स्त्रियांना दोष देऊन मोकळे होण्याचाही आपल्याला अधिकार नाही. कारण न्यायाचे दरवाजे आधी बंद झाले होते आणि हात नंतर उठले. आपण मुलींना सांगायचे ते असे की त्या वस्तीकडून शिकण्यासारखे काय असेल तर एकत्र येणे. ते १३ ऑगस्टच्या फार आधी सुरू झाले होते.

आता दुसऱ्या बंडाविषयी. उमरेड येथे १८९२ साली जन्मलेल्या जाईबाई चौधरी दुष्काळामुळे कुटुंबासोबत नागपुरात आल्या. लहानपणी लग्न झाले. पोटासाठी त्या नागपूर ते कामठी ओझी वाहत. एका मिशनरी बाईंच्या मदतीने त्यांना मिशनच्या शाळेत महिना चार रुपयांवर शिक्षिकेचे काम मिळाले. शिकवणारी बाई अस्पृश्य आहे हे कळताच सवर्ण पालकांनी बहिष्कार घातला आणि जाईबाईंना ते काम सोडावे लागले. चित्रपटाच्या रिवाजाप्रमाणे येथे नायिकेने सूड घ्यायला हवा होता. जाईबाईंनी १९२२ साली नागपुरात संत चोखामेळा कन्याशाळा काढली.

१९३७ साली, म्हणजे पडद्यावर नीरा ‘नाही’ म्हणत होती त्याच वर्षी, अखिल भारतीय महिला परिषदेचे अधिवेशन नागपुरात भरले. स्त्रियांच्या हक्कांसाठीच ते भरले होते. तेथे जेवणाच्या वेळी जाईबाईंना वेगळे बसवण्यात आले. हा अपमान आपल्या स्त्रियांनी पोटात घातला नाही. निषेधाची सभा घेतली आणि आपली चळवळ आपणच उभी केली पाहिजे, हा निश्चय अधिक पक्का झाला. पाच वर्षांनी, २० जुलै १९४२ रोजी, नागपुरातच अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली. अध्यक्षस्थानी सुलोचनाबाई डोंगरे होत्या, व्यासपीठावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते आणि समोर हजारोंच्या संख्येने स्त्रिया. एम्प्रेस मिलसारख्या गिरण्यांतून राबणाऱ्या कामगार स्त्रियांच्या या शहरात त्या दिवशी जे ठराव झाले ते आजही वाचण्यासारखे आहेत. स्त्रीला घटस्फोटाचा अधिकार असावा. एकाहून अधिक बायका करण्याची चाल कायद्याने बंद व्हावी. कामगार स्त्रियांना रजा आणि निवृत्तिवेतन मिळावे. कायदेमंडळांत स्त्रियांना प्रतिनिधित्व मिळावे. आणि मुलींच्या शिक्षणासाठी सरकारी खर्चाने वसतिगृहे निघावीत.

हा शेवटचा ठराव आपण पुन्हा एकदा वाचावा. घटस्फोट आणि एकपत्नीत्व यांविषयीची मागणी हिंदू विवाह कायद्याच्या रूपाने मान्य व्हायला १९५५ साल उजाडले. वसतिगृहाची मागणी ज्यांनी केली त्यांतील बहुतेकींना स्वतःला अक्षर येत नव्हते. आज गडचिरोली, भंडारा किंवा चंद्रपूर जिल्ह्यातल्या खेड्यातून येऊन आपल्या विद्यालयात राहणारी मुलगी त्या ठरावाची वारसदार आहे. ती ज्या खाटेवर झोपते आणि ज्या दिव्याखाली अभ्यास करते, त्यांची मागणी नागपुरात आठ दशकांपूर्वी तिच्या पणजीच्या पिढीने हात वर करून मंजूर केली होती.

या परंपरेत पुढे कुमुद पावडे येतात. ज्या भाषेचे शब्द कानावर पडणेही आपल्या पूर्वजांना निषिद्ध होते, त्या संस्कृतात त्यांनी एम.ए. केले. माहेरच्या सोमकुवर या आडनावाने जी नोकरी मिळाली नाही, ती आंतरजातीय विवाहानंतर पावडे या आडनावाने कशी मिळाली, हे त्यांनी १९८१ सालच्या ‘अंतःस्फोट’ या पुस्तकात निर्भीडपणे लिहिले. यात एकही हाणामारी नाही. तरीही यातल्या मुलाखतीच्या प्रसंगाहून अधिक ताण कोणत्या चित्रपटात असेल, असे मला वाटत नाही.

फुलनदेवींचे उदाहरणही येथे घ्यावे लागेल. शेखर कपूर यांचा ‘बॅंडिट क्वीन’ (१९९४) चंबळच्या खोऱ्यातली त्यांची विटंबना आणि बंदूक दाखवून शरणागतीपाशी थांबतो. आपल्यावरील अत्याचाराचे असे चित्रण त्यांना स्वतःला मान्य नव्हते आणि त्या न्यायालयातही गेल्या होत्या. पण त्यांचे आयुष्य तेथे थांबले नाही. तुरुंगातून सुटल्यावर १९९५ साली नागपूरला येऊन दीक्षाभूमीवर त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. १९९६ साली आणि पुन्हा १९९९ साली त्या मिर्झापूरमधून लोकसभेवर निवडून आल्या. मल्लाह समाजातली, न शिकलेली एक स्त्री बंदूक ठेवून मतपेटीच्या मार्गाने संसदेत बसली, हे बंड पहिल्याहून लहान कसे म्हणावे? परंतु त्यांच्या या उत्तरार्धावर तेवढाच गाजलेला चित्रपट आजतागायत आलेला नाही.

यावर एक आक्षेप घेतला जाईल. चित्रपट हे करमणुकीचे साधन आहे. ठराव, शाळा आणि अर्ज यांतून नाट्य निर्माण होत नाही. प्रेक्षक तिकीट काढतो ते कोयता उगारलेला पाहण्यासाठी. हा आक्षेप टिकत नाही. ‘दुनिया न माने’ची नीरा त्याला पहिले उत्तर देते. अलीकडची उत्तरेही आहेत. नागराज मंजुळे यांच्या ‘झुंड’ (२०२२) मध्ये, जो नागपूरच्या विजय बारसे यांच्या झोपडपट्टी फुटबॉलच्या कार्यावरून प्रेरित आहे, मोनिका नावाची आदिवासी मुलगी आहे. परदेशात खेळायला जाण्यासाठी तिला पासपोर्ट हवा आणि पासपोर्टसाठी आपण आपणच आहोत याचा कागद हवा. वडिलांसोबत ती या कार्यालयातून त्या कार्यालयात हिंडते. एका कागदासाठीचे ते हेलपाटे पाहताना प्रेक्षक श्वास रोखून बसतो. नीरज घेवान यांच्या ‘गीली पुच्ची’ (२०२१) मध्ये कारखान्यात यंत्रावर राबणारी भारती मंडल ही शिकलेली दलित स्त्री कचेरीतल्या ज्या जागेस पात्र आहे, ती जागा तिला जातीमुळे नाकारली जाते आणि ती आपल्या बुद्धीच्या बळावर तेथवर पोहोचते. याच दिग्दर्शकाने ‘मेड इन हेवन’ या मालिकेच्या एका भागात उच्चशिक्षित दलित वधू दाखवली, जी आपला विवाह बौद्ध पद्धतीने व्हावा, असा आग्रह सासरच्या नाराजीपुढेही सोडत नाही. निळ्या कडांची पांढरी साडी, बाबासाहेबांची प्रतिमा आणि वंदना पडद्यावर पाहताना आपल्यापैकी अनेकांचे डोळे पाणावले होते. यांपैकी एकीच्याही हातात शस्त्र नाही. म्हणजे नाट्य नाही, ही सबब खोटी आहे. ते नाट्य पाहणारी नजर कमी आहे, आणि जे दिग्दर्शक आपल्या वस्त्यांतून आले त्यांच्याकडे ती आहे.

याच संदर्भात ‘सैराट’ (२०१६) आणि त्याची हिंदी नक्कल ‘धडक’ (२०१८) यांची तुलना बोलकी आहे. ‘सैराट’मधील पाटलाची आर्ची ट्रॅक्टर चालवते, बुलेट चालवते, आपल्याच जातीच्या दंडेलीशी झगडते आणि हैदराबादेत मजुरीचे दिवस काढून संसार उभा करते. हिंदीत जाताना कथेतली जात पुसट झाली आणि नायिकेचा कणखरपणाही त्याबरोबर पातळ झाला. जात काढली की बंडाचे कारणच निघून जाते, उरते ती फक्त घरातून पळालेली मुलगी.

हे सारे आपल्या मुलींसाठी इतके महत्त्वाचे का? कारण पडद्यावरचा रिवाज मनात रुजला तर मुलगी समजते की बंड करण्याचा अधिकार अत्याचार झाल्यावरच मिळतो. मग दहावीत असताना जिचे लग्न ठरवले जाते, जिची शिष्यवृत्ती टेबलावर अडून राहते, जिला महाविद्यालयात आडनाव विचारून वेगळ्या नजरेने पाहिले जाते, जिच्या भावाला शिकवणी लागते आणि तिला स्वयंपाकघर, तिला आपले दुःख बंडाच्या योग्यतेचे वाटतच नाही. ती गप्प बसते. तिच्यासमोर कोयता घेतलेली नायिका आहे, पण अर्ज लिहिणारी, सभा बोलावणारी, वर्गात हात वर करून प्रश्न विचारणारी नायिका नाही.

आपल्या धम्मसाहित्यात मात्र ती आहे. सिद्धार्थाला वाढवणारी महाप्रजापती गौतमी संघप्रवेशाची विनंती तीनदा नाकारली गेल्यावर केस कापून, काषाय वस्त्रे धारण करून, शाक्य स्त्रियांसह कपिलवस्तूहून वैशालीपर्यंत पायी चालत गेली. सुजलेल्या पायांनी ती दाराशी उभी राहिली आणि आनंदाच्या मध्यस्थीने प्रवेश मिळवला. जगातल्या फार जुन्या महिला मोर्चांपैकी हा एक म्हणावा लागेल. थेरीगाथेतील पुण्णिका ही दासीची मुलगी, कडाक्याच्या थंडीत पाणी भरणारी. नदीत बुडी मारून पाप धुणाऱ्या ब्राह्मणाला ती विचारते की पाण्याने शुद्धी होत असेल तर बेडूक आणि कासवे आधी स्वर्गात जायला नकोत काय? ब्राह्मण निरुत्तर होतो आणि तिचे म्हणणे मान्य करतो. दासीच्या मुलीने एका प्रश्नावर विद्वानाला जिंकले.

तेव्हा काही सूचना कराव्याशा वाटतात. चित्रपटांवर बंदी घालणे हा उपाय नव्हे. मुली ते पाहणारच आणि पाहावेतही. महिन्यातून एकदा विद्यालयात चित्रपट दाखवून त्यानंतर अर्धा तास चर्चा ठेवावी आणि तीन प्रश्न विचारावेत. या चित्रपटातील बंडखोर स्त्रीचे आडनाव आणि वस्ती कोणती? तिची बाजू शेवटी कोण मांडते, ती की दुसरा कोणी? आणि शेवटच्या दृश्यानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी ती काय करील? दुसरी सूचना अशी की दरवर्षी २० जुलैला विद्यार्थिनींनी १९४२ च्या परिषदेतील ठराव व्यासपीठावरून वाचून दाखवावेत आणि स्नेहसंमेलनात चित्रपटगीतांवरील नृत्यांबरोबर जाईबाईंच्या शाळेवर एक नाटिका बसवावी. तिसरी सूचना सर्वांत सोपी आहे. दिवाळीच्या सुट्टीत प्रत्येक मुलीने आपल्या घरातील वा वस्तीतील वृद्ध स्त्रीला विचारावे की आपल्या घरात शाळेत जाणारी पहिली मुलगी कोण, तिला कोणी अडवले आणि ती कशी गेली. उत्तर मोबाईलवर ध्वनिमुद्रित करून वहीत उतरवून आणावे. त्यातील निवडक दहा मुलाखती पुढील वर्षीच्या स्मरणिकेत मुलींच्या नावांसह छापाव्यात, म्हणजे उद्या या विषयावर चित्रपट काढू पाहणाऱ्याला कथा नाही असे म्हणता येणार नाही.